इंग्रजी शब्दांचे सांधे

इंग्रजी भाषेंतील लांबलचक शब्द पाहून मराठी विद्यार्थ्याच्या पोटांत जो गोळा उठतो, त्याचें कारण शब्दाची लांबी हें खास नव्हे. संस्कृताच्या वळणावर वाढलेल्या भाषेच्या लोकांनीं लांबीस भ्यावें कां? बाणभट्टाच्या कादंबरींत एकेक समास ओळींमागून ओळी चालतो, तरी जाणता वाचक त्याचा विग्रह करतो. कारण समासाचा सांधा जेथें अर्थ तुटतो तेथेंच असतो, आणि संधीनें तो झांकला गेला तरी नियमानें उघडतां येतो. इंग्रजी शब्दाची गोष्ट निराळी. त्याची मोडणी तीन रीतींनीं होते: उच्चारांतील अक्षरांनीं, आघाताच्या चढउतारानें आणि अर्थाच्या घटकांनीं. या तीन मोडण्या एकमेकींशीं जुळत नाहींत, आणि विद्यार्थी गांगरतो तो येथें. त्या कां जुळत नाहींत याचें उत्तर इतिहासांत आहे, व तो इतिहासच आम्ही आज वाचकांपुढें मांडूं इच्छितों. (या लेखांत 'अक्षर' म्हणजे स्वराच्या आधारें एका झटक्यांत उच्चारला जाणारा अवयव समजावा, लिपींतील सुट्या खुणेस आम्हीं 'वर्ण' म्हटलें आहे.)

उदाहरणादाखल अठ्ठावीस वर्णांचा एक सुप्रसिद्ध शब्द घेऊं: अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम. हा शब्द पाठ करून मुलें एकमेकांस भिववितात, आणि तो केवळ गंमतीसाठींच रचला असावा असा पुष्कळांचा समज आहे. परंतु त्याच्या मागें खरें राजकारण आहे. आयर्लंडमधील बहुसंख्य प्रजा रोमन कॅथॉलिक असतां तेथें राजमान्य धर्मसंस्था मात्र प्रॉटेस्टंट होती. ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळानें १८६९ सालीं कायदा करून तिची राजमान्यता काढून घेतली, व १ जानेवारी १८७१ पासून तो कायदा अंमलांत आला. वेल्समध्यें तसाच कायदा १९१४ सालीं झाला. महायुद्धामुळें तो १९२० पर्यंत लांबला. खुद्द इंग्लंडमध्यें मात्र राजमान्य चर्च आजहि कायम आहे. ही राजमान्यता म्हणजे 'एस्टॅब्लिशमेंट'. ती काढून घेणें म्हणजे 'डिसएस्टॅब्लिशमेंट'. ती काढण्यास विरोध करणाऱ्यांचें मत तें हें अठ्ठावीस वर्णांचें धूड. प्रत्यक्ष वादांत हा शब्द फारच थोड्यांनीं वापरला असेल. लांब शब्दाचा मासला म्हणूनच तो जगला. पण त्याची घडण अस्सल आहे.

आतां त्याचे अर्थघटक पाहा. आरंभींचा 'अँटि' ग्रीक, 'डिस' लॅटिन, 'मेंट' लॅटिनांतून फ्रेंचमार्गें आलेला, 'एरिअन' लॅटिन, शेवटचा 'इझम' पुन्हा ग्रीक. एका शब्दांत इतके परके, आणि अस्सल इंग्रजी म्हणावा असा घटक त्यांत एकहि नाहीं! उरला मधला 'एस्टॅब्लिश'. त्याच्या पोटांत लॅटिन 'स्टाबिलिस' म्हणजे स्थिर हा शब्द आहे, आणि त्यांतील 'स्टा' म्हणजे आपला 'स्था' धातूच होय. सरकारी कचेऱ्यांतून 'एस्टॅब्लिशमेंट' या शब्दास 'आस्थापना' हा प्रतिशब्द रूढ आहे. तो योजणाऱ्यास हें नातें माहीत असो वा नसो, हजारों वर्षांपूर्वीं दुरावलेले दोन भाऊ एकाच कचेरीच्या पाटीवर येऊन बसले आहेत.

पण 'स्टॅब्लिश' च्या आधींचा तो 'ए' कोठून आला? तो उपसर्ग नव्हे. त्यास अर्थ कांहींच नाहीं. जुन्या फ्रेंच भाषेंत शब्दारंभीं 'स्' ला लागून दुसरें व्यंजन आलें, कीं जिभेस तें जड जाई, म्हणून ते लोक आधीं एक स्वर लावून घेत. आमच्या खेड्यांतील म्हातारीं माणसें 'इष्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणत, तीं नेमकें हेंच करीत असत. त्यांस शहाणी मंडळी हंसत आली आहेत. परंतु 'एस्टेट', 'एस्क्वायर', 'एस्पेशल' या शब्दांत तोच इष्टेशनी 'इ' मोठ्या दिमाखानें बसलेला आहे, आणि त्यास कोणी हंसत नाहीं. 'स्टेट' आणि 'एस्टेट' हे तर एकाच लॅटिन शब्दाचे दोन पुत्र. एक धाकटा उघडा आला, दुसरा फ्रेंच टोपी घालून आला. अशुद्ध उच्चार आणि प्रतिष्ठित शब्द यांत पुष्कळदां अंतर असतें तें काळाचें आणि दरबाराचें.

आतां तोच शब्द उच्चाराच्या अक्षरांनीं मोडा. अर्थाचा सांधा 'मेंट' आणि 'एरिअन' यांच्या मध्यें आहे. पण उच्चारतांना जीभ तो सांधा मानीत नाहीं. ती 'मेंट' मधील 'ट' उचलून पुढच्या घटकास जोडते, आणि 'मेन्-टे-रि-अन्' अशीं अक्षरें पाडते. याहून मौजेची गोष्ट अशी, कीं साऱ्या शब्दाचा मुख्य आघात याच 'टे' वर पडतो. म्हणजे ज्या अक्षरावर सर्व भार, तें अक्षर अर्थाच्या दृष्टीनें एका घटकाचें शेपूट आणि दुसऱ्याचें डोकें मिळून झालेलें! 'एस्टॅब्लिश' मध्यें आघात 'टॅब्' वर होता. 'मेंट' लागला तरी तो हलला नाहीं. 'एरिअन' लागतांच त्यानें आपलें स्थान सोडून पुढें उडी मारली. एका प्रत्ययानें न हलणारा आघात दुसऱ्यानें कां हलावा?

याचें कारण असें कीं, इंग्रजींत आघाताचे दोन कायदे एकाच वेळीं चालतात. पहिला जर्मानिक कुळाचा. त्याप्रमाणें शब्दाच्या मूळ अंगावर, बहुधा पहिल्या अक्षरावर, आघात पडतो आणि मग पुढें कितीहि प्रत्यय लागोत, तो ध्रुवासारखा अढळ राहतो. 'फ्रेंड', 'फ्रेंडली', 'फ्रेंडलीनेस', 'अनफ्रेंडलीनेस' हे शब्द क्रमानें म्हणून पाहावे. आघात 'फ्रेंड' ला सोडीत नाहीं. दुसरा कायदा लॅटिनाचा. तो शब्दाच्या शेवटाकडून मोजतो, आणि तो समजण्यास मराठी वाचकाइतका तयार वाचक दुसरा नसेल; कारण तो निव्वळ लघुगुरूंचा आहे. उपांत्य अक्षर गुरु असेल तर आघात त्यावर. लघु असेल तर त्याच्या मागल्यावर. 'अरोमा' मध्यें 'रो' दीर्घ म्हणून गुरु. 'अजेंडा' मध्यें 'जे' ऱ्हस्व खरा, पण पुढें जोडव्यंजन असल्यानें गुरु, अगदीं पिंगलाच्या नियमानें. उलट 'अमेरिका' मध्यें 'रि' लघु, म्हणून आघात मागें 'मे' वर; 'सिनेमा' मध्यें 'ने' लघु, म्हणून 'सि' वर. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या १५९८ सालीं छापलेल्या नाटकांत एक विदूषक पंडितांची थट्टा करतांना सत्तावीस वर्णांचा 'ऑनरिफिकेबिलिट्यूडिनिटाटिबस' हा शब्द फेंकतो. हें सारें अवडंबर पाहून कोणी घाबरून जाईल. पण ज्यास गणवृत्तें येतात त्यानें फक्त शेवटचीं तीन अक्षरें पाहावीं. 'टि' लघु, तेव्हां आघात 'टा' वर. काम संपलें.

हे दोन कायदे एका भाषेंत कसे आले, हें सर्वांस ठाऊक आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें सुमारें तीन शतकें दरबार व न्यायालयें यांची भाषा फ्रेंच राहिली. न्यायालयांत इंग्रजीतून वाद चालवावे असा कायदा १३६२ सालीं व्हावा लागला. या काळांत आलेले फ्रेंच शब्द आपला आघात शेवटाकडे घेऊन आले. चॉसर कवीच्या पद्यांत 'नेचर' आणि 'व्हर्च्यू' या शब्दांचा भार पुष्कळदां शेवटल्या अक्षरावर येतो. पण इंग्रजी जिभेनें हळूहळू त्या पाहुण्यांस आपल्या पंक्तीस बसवून आघात पहिल्या अक्षरावर ओढून आणला. जे मागाहून आले त्यांस तितका काळ मिळाला नाहीं. म्हणून 'मशीन', 'पोलीस', 'हॉटेल' यांचा आघात इंग्रजींत अद्याप शेवटावर आहे. 'मॅरेज' आणि 'गॅरेज' यांची लेखणीच्या दृष्टीनें केवढी जोडी! पण पहिला सातशें वर्षांचा रहिवासी, दुसरा विसाव्या शतकाच्या आरंभींचा. म्हणून पहिल्याचा शेवट झिजून 'इज' झाला, आणि दुसऱ्याचा आघात अमेरिकन मनुष्य अजून शेवटावरच देतो, तर इंग्रजानें तो पहिल्यावर आणला आहे. शब्दाच्या आघातावरून त्याचें वय सांगतां येतें तें असें.

जर्मानिक आघात पहिल्या अक्षरावर स्थिर होण्यापूर्वीं तो कोठें असे? हा प्रश्न सुटला तो आमच्या वेदपाठकांमुळें. ग्रिमनें १८२२ सालीं जर्मानिक व्यंजनांच्या परिवर्तनाचे नियम सांगितले. पण त्यांस अपवाद फार निघूं लागले. जर्मन भाषेंत पिता म्हणजे 'फाटर', माता म्हणजे 'मुटर', पण भ्राता म्हणजे 'ब्रूडर'. संस्कृतांत तिन्ही ठिकाणीं 'त' असतां जर्मनांत दोहोंस 'ट' आणि तिसऱ्यास 'ड' कां? जुन्या इंग्रजींतहि हाच भेद निराळ्या व्यंजनांनीं दिसतो. आजच्या इंग्रजीनें मात्र पुढें तो पुसून टाकला आहे. कार्ल व्हेर्नर नांवाच्या डॅनिश पंडितानें १८७५ च्या सुमारास याचें उत्तर दिलें. वैदिक उच्चारांत 'पिता' आणि 'माता' यांचा उदात्त शेवटल्या अक्षरावर, आणि 'भ्राता' याचा पहिल्यावर आहे. जेथें उदात्त व्यंजनाच्या आधीं लागून होता तेथें व्यंजन कठोर राहिलें, इतरत्र तें मृदु झालें. म्हणजे जर्मानिक भाषांचा हरपलेला स्वर ऋग्वेदाच्या पाठांत सांपडला. इंग्रजींत आजहि 'वॉझ' आणि 'वेअर' हीं जीं एकाच क्रियापदाचीं दोन रूपें एकांत स व एकांत र लिहून चालतात, त्यांचेंहि मूळ हेंच: एकवचनांत आघात धातूवर, अनेकवचनांत प्रत्ययावर, जसें वेदांत 'वेद' आणि 'विद्म'. ज्या घनपाठ्यांस लोक निरर्थक घोकंपट्टी करणारे म्हणून नांवें ठेवीत, त्यांनीं अर्थ विचारला नसेल. पण स्वर जपला. इंग्रजी व्याकरणानें त्यांचें हें ऋण अवश्य मानावें.

असो. पुनः प्रत्ययांकडे वळूं. 'नेस', 'लेस', 'फुल' हे घरचे प्रत्यय आघातास हात लावीत नाहींत. 'मेंट' हा फ्रेंच असूनहि त्यांच्यांतच मिळून गेला. उलट 'इक', 'इटी', 'शन', 'एरिअन' हे लागले कीं आघातानें आपल्या शेजारीं यावें असा त्यांचा हट्ट असतो. 'ॲक्टिव्ह' मध्यें आघात 'ॲक्' वर, 'ॲक्टिव्हिटी' मध्यें 'टिव्' वर. 'फोटोग्राफ' मध्यें पहिल्यावर, 'फोटोग्राफर' मध्यें दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्यें तिसऱ्यावर. यांत आमच्या मंडळींची खरी अडचण आघाताची नव्हे, त्याच्या परिणामाची आहे. इंग्रजींत ज्या अक्षरावरून आघात उठला त्याचा स्वर जणूं विझून जातो. 'फोटोग्राफर' चा पहिला 'फो' इंग्रजाच्या तोंडीं जवळजवळ 'फ' उरतो. मराठींत प्रत्येक अक्षर आपलें मान राखून असतें. म्हणून आम्ही तिन्ही शब्दांत 'फो' सारखाच ठणठणीत म्हणतों, आणि इंग्रजाचें बोलणें ऐकतांना अर्धीं अक्षरें कोणी खाल्लीं असें आम्हांस वाटतें.

हें इतकें नियमबद्ध आहे तर आघात कोठें द्यावा याविषयीं इंग्रजांत एकमत असेल, असें कोणास वाटेल. तें कधींच नव्हतें. डॉक्टर जॉन्सननें १७५५ च्या कोशांत आघाताच्या खुणा दिल्या, पण स्वरांचे उच्चार ठरविण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं. 'ग्रेट' या साध्या शब्दाचा उच्चार लॉर्ड्सच्या सभेंतील उत्तम वक्ता एक सांगतो आणि कॉमन्सच्या सभेंतील उत्तम वक्ता दुसरा, असें तो म्हणे. टॉमस शेरिडन उच्चारांचा कोश करणार असें १७७२ सालीं निघालें तेव्हां, हा आयरिश मनुष्य, यानें इंग्रजीचा उच्चार कोणत्या अधिकारानें ठरवावा, असा जॉन्सनचा आक्षेप होता. शेरिडनचा कोश १७८० सालीं निघाला. त्यावर ताण करणारा जॉन वॉकरचा १७९१ सालीं. वॉकर पूर्वीं नट होता. म्हणजे ज्या उच्चारांस पुढें पिढ्यान्‌पिढ्या कुलीनतेची कसोटी मानण्यांत आलें, ते ठरविले एका आयरिश माणसानें आणि एका नटानें! आणि तेहि टिकले नाहींत. 'बाल्कनी' या शब्दाचा आघात पूर्वीं मधल्या 'को' वर होता, तो लोक पहिल्यावर देऊं लागले, तेव्हां वृद्ध कवि सॅम्युएल रॉजर्स यास तें ऐकून किळस येई, असें त्याच्या संभाषणांच्या १८५६ च्या संग्रहांत नमूद आहे. आज कोणी रॉजर्सप्रमाणें 'बाल्कोनी' म्हटलें तर त्यासच गांवढळ ठरवतील. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असतां पहिल्यावर आणि क्रियापद असतां दुसऱ्यावर आघात घेतो. अशा जोड्या पीटर लेव्हिन्सच्या १५७० च्या कोशांत अवघ्या तीन आढळतात, आज त्या शंभरांवर गेल्या आहेत. ज्यास आपण नियम म्हणून घोकतों तो आपल्या डोळ्यांदेखत वाढत असलेला वेल आहे.

छापील पानावर शब्द कोठें तोडावा हा वाद याहून रुक्ष, म्हणून थोडक्यांत आटोपतों. डिलवर्थच्या १७४० च्या शब्दपुस्तकांत व्यंजन शक्य तेथें पुढल्या अक्षरास जोडीत, आणि 'नेशन' चीं 'ने-शि-ऑन' अशीं तीन अक्षरें मुलांकडून म्हणवून घेत. नोआ वेब्स्टरनें १७८३ सालीं अमेरिकेंत हें मोडून उच्चाराप्रमाणें तोड धरली व 'शन' एक अक्षर मानलें. त्याच्या पुस्तकाच्या पुढें कोट्यवधि प्रती खपल्या. इंग्लंडांतील मुद्रक मात्र बहुधा व्युत्पत्तीस धरून राहिले. म्हणून 'नॉलेज' या शब्दाची तोड इंग्रज 'नो' या मूळ धातूनंतर करी, अमेरिकन 'नॉल्' नंतर. एकानें अर्थाची मोडणी प्रमाण मानली, दुसऱ्यानें जिभेची.

अर्थघटकांची मोडणी शास्त्र म्हणून युरोपांत रुळली ती मात्र उशिरां. ग्रीक व लॅटिन वैय्याकरण सबंध शब्दांचीं कोष्टकें मांडीत; धातु आणि प्रत्यय हे वेगळे काढण्याची त्यांस संवय नव्हती. हिब्रू व्याकरणांतून धातूची कल्पना त्यांच्याकडे सोळाव्या शतकांत पोंचली होती, हें खरें. तथापि प्रत्येक शब्द प्रकृति व प्रत्यय यांत निःशेष उलगडून दाखविणारें पाणिनीय शास्त्र त्यांच्या दृष्टीस पडलें, तें विल्किन्स आदींचीं संस्कृत व्याकरणें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघालीं तेव्हां. बॉपचा तुलनात्मक ग्रंथ १८१६ चा. लहानांत लहान सार्थ घटकास, ज्यास आपल्याकडील भाषाशास्त्री रूपिका म्हणतात, 'मॉर्फीम' हें नांव बोदुएं द कुर्तने या पोलिश पंडितानें १८८० च्या सुमारास दिलें. आणि पाणिनीच्या घरच्या मुलांस मात्र आम्ही इंग्रजी शब्द अखंड दगडासारखा पाठ करावयास देतों! वर्णामागून वर्ण घोकवून घ्यावयाचे, सांधा दाखवावयाचा नाहीं, आणि मग तोच मुलगा मुलाखतींत 'डेव्हलपमेंट' चा आघात पहिल्या अक्षरावर देतो म्हणून मोठ्या शहरांतील शाळांत शिकलेल्या सोबत्यांनीं त्यास हंसावयाचें. हंसणाऱ्यास तरी 'मेंट' आघात हलवीत नाहीं हें कोणीं सांगितलेलें असतें? त्यानें तें ऐकलेलें असतें, इतकेंच. ज्याच्या कानावर तें पडलें नाहीं त्यास नियमानें तरी द्यावें, हें शिक्षकांचें काम आहे. नाहींतर जन्मानें मिळालेल्या कानास आपण बुद्धीचे गुण देऊन बसतों.

अर्थघटकांची मोडणी तरी स्थिर असते काय? 'हेलिकॉप्टर' हा शब्द फ्रान्समध्यें १८६१ सालीं ग्रीक शब्दांवरून घडविला गेला: 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखें आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. शास्त्राप्रमाणें सांधा 'को' नंतर. पण शब्दारंभीं 'प्ट' म्हणणें इंग्रजी जिभेच्या स्वभावांत नाहीं. तिनें तो 'हेलि' नंतर पाडला, मग एकीकडून 'कॉप्टर' सुटा झाला आणि दुसरीकडून 'हेलिपॅड'. आज मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बातमींत 'हेलिपॅड' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतून सर्रास येतो. ग्रीक पंडिताच्या हिशेबानें तो चुकीच्या जागीं करवत चालवून काढलेला तुकडा आहे. तसेंच 'किलोमीटर' चें. 'सेंटिमीटर' च्या धर्तीवर आघात 'कि' वर यावयास पाहिजे. परंतु 'थर्मामीटर', 'स्पीडॉमीटर' या यंत्रांच्या नांवांत तो मधल्या अक्षरावर असल्यामुळें पुष्कळ इंग्रज व अमेरिकन लोक 'लो' वरच भार देतात, आणि दोन्ही पक्षांचीं पत्रें अधूनमधून त्यांच्याकडील वृत्तपत्रांत झळकतात. आमच्या रस्त्यांवरील दगडांवर 'कि.मी.' एवढेंच लिहिलेलें असतें, आणि बसचा वाहक तो शब्द चारहि अक्षरांवर सारखा भार देऊन म्हणतो.